डोळा पुढे, आवाज मागे : प्राचीन वाचकांना मूकवाचन येत नव्हते काय?

प्राचीन काळी सगळे लोक मोठ्यानेच वाचत असत आणि मनातल्या मनात वाचणे ही मध्ययुगाची कमाई आहे, हे विधान वाचनाच्या इतिहासाची चर्चा निघाली की हमखास भेटते. त्याच्या जोडीला एक प्रसंगही सांगितला जातो. इ.स. ३८० च्या दशकात मिलान शहरात तरुण ऑगस्टीन बिशप अँब्रोज यांच्याकडे जात असे. बिशप पुस्तक वाचत बसलेले असत. डोळे पानावरून फिरत, पण आवाज आणि जीभ स्तब्ध. ऑगस्टीनला त्याचे नवल वाटले आणि पुढे 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या सहाव्या भागात त्याने ते लिहून ठेवले. त्याला नवल वाटले, म्हणजे असे वाचन त्याने पूर्वी पाहिले नसावे. पाहिले नसावे, म्हणजे त्या काळी ते कोणाला येतच नसावे. अनुमानाची ही साखळी अशी एकेक पायरी वर चढते आणि शेवटी एका संपूर्ण संस्कृतीला एका साध्या कौशल्यापासून वंचित ठरवते.

साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्या भागात मिलानमधील बागेचा प्रसिद्ध प्रसंग येतो. ऑगस्टीन संत पॉलच्या पत्रांचे पुस्तक उघडतो आणि समोर आलेला उतारा स्वतः मुकाट्याने वाचतो. तसे त्याने स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे, आणि त्यात काही विशेष केल्याचा आविर्भाव तिथे नाही. मग अँब्रोज यांच्याबाबत नवल कशाचे? भेटीला आलेली माणसे समोर बसलेली असताना गुरूने त्यांना ऐकू जाईल असे न वाचता स्वतःपुरते वाचावे, याचे. आश्चर्य शिष्टाचाराचे होते. सहावा भाग उद्धृत करणाऱ्यांपैकी कितीजण आठव्यापर्यंत पोचतात, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनाशी ठेवावा.

या समजुतीला विसाव्या शतकात विद्वत्तेचे बळ मिळाले. १९२७ मध्ये जोसेफ बालोग यांनी प्राचीनांच्या प्रकटवाचनावर एक मोठा लेख लिहिला, आणि १९९७ मध्ये पॉल सेंगर यांच्या 'स्पेस बिटवीन वर्ड्स' या ग्रंथाने त्या समजुतीला शरीरशास्त्राचा आधार देऊ केला. सेंगर यांचे म्हणणे थोडक्यात असे : रोमन लेखक सुरुवातीला शब्दांमध्ये ठिपके देत, पण पुढे ती पद्धत सुटली आणि शब्दांत जागा न सोडता सलग लिहिण्याची रीत पडली. अशा सलग ओळीत पुढचा शब्द कुठे सुरू होतो हे डोळ्याला आधी कळत नाही. म्हणून वाचकाला अक्षरे तोंडाने म्हणत, कानाने ऐकत शब्द जुळवावे लागत. सातव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडच्या लेखनिकांनी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायला प्रारंभ केला. दहाव्या-अकराव्या शतकांत ती रीत युरोपच्या मुख्य भूमीवर पसरली. आणि तिच्यामुळे मूकवाचन शक्य झाले.

आयर्लंडचा तपशील मोलाचा आहे आणि तो खराही आहे. लॅटिन ही आयरिश भिक्षूंची मातृभाषा नव्हती. परक्या भाषेतला शब्द कुठे संपतो हे कानाला आपोआप कळत नाही, तेव्हा ते डोळ्याला दाखवण्याची सोय त्यांनी केली. पण 'सोय झाली' येथून 'त्यापूर्वी शक्यच नव्हते' येथवर जी उडी मारली जाते, ती पुराव्यावर टिकत नाही. हा वाद केवळ रोमपुरता नाही. मोडी लिपीतही शब्दांमध्ये जागा सोडत नसत. सेंगर यांचा न्याय लावायचा तर पेशवाईतील कारकूनही ओठ हलवल्याशिवाय कागद वाचू शकत नव्हता, असे मानावे लागेल.

आधी ग्रीक-रोमन साक्षी. बर्नार्ड नॉक्स यांनी १९६८ मध्येच त्या गोळा करून ठेवल्या होत्या. युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस' या नाटकात (इ.स.पू. ४२८) थीसियस मृत पत्नीच्या हातातील पाटी घेतो आणि रंगमंचावर मुकाट्याने वाचतो. कोरस गात राहतो, आणि मजकूर कळल्यावर तो आक्रोश करतो. प्रेक्षकांना मूकवाचन अपरिचित असते तर हे दृश्य उभेच राहिले नसते. चारच वर्षांनी ॲरिस्टोफेनीसने 'नाइट्स' या प्रहसनात एका पात्राला भविष्यवाणीची गुंडाळी मनातल्या मनात वाचायला लावली आणि 'काय लिहिले आहे ते सांग की' म्हणून दुसऱ्याची तगमग दाखवून हशा वसूल केला. प्लुटार्कने दिलेला किस्सा तर आजच्या बैठकीतही शोभेल. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सिनेटमध्ये कॅटिलिनाच्या कटावर वादळी चर्चा चालू असताना सीझरच्या हाती एक चिठ्ठी येते. तो ती गुपचूप वाचतो. हा शत्रूचा निरोप असणार, असा कॅटोचा संशय. सीझर चिठ्ठी त्याच्याच हातात देतो. ते असते कॅटोच्या सावत्र बहिणीचे, सर्व्हिलियाचे, सीझरला लिहिलेले प्रेमपत्र.

हे सगळे मान्य करूनही कोणी म्हणेल की हे अपवादात्मक, निवडक लोक. इथे ग्रंथांतील साक्षी पुरत नाहीत आणि डोळ्याकडे वळावे लागते.

वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहतो, असे प्रत्येकाला वाटते. तो वाहत नाही, उड्या मारतो. एका जागी सरासरी पाव सेकंद किंवा त्याहून किंचित कमी थांबतो, मग इंग्रजीसारख्या लिपीत सात-आठ अक्षरांची झेप घेतो. झेपेला सेकंदाचा तिसावा-पन्नासावा भाग पुरतो, आणि झेपेच्या काळात नवे काही टिपले जात नाही. याची एक घरगुती प्रचीती घेता येते. आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्याकडे पाहावे. आपला डोळा हललेला आपल्याला कधीच दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतो.

गंमत अशी, की या उड्यांचा शोध कानांनी लावला. १८७९ मध्ये एवाल्ड हेरिंग या शरीरशास्त्रज्ञाने पापणीवर रबरी नळ्या टेकवून डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला. आवाज सलग नव्हता, तुटक ठोके होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत लामार हे वाचणाऱ्याच्या पापणीवर एक बोथट टोक टेकवून, त्याला जोडलेल्या नळीतून असेच ठोके मोजत होते. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत या शोधाचे श्रेय एकट्या जावाल यांना दिलेले आढळते. जावाल मोठे नेत्रतज्ज्ञ होते आणि प्रयोगशाळा त्यांचीच होती, पण ठोके मोजणारा कान लामार यांचा होता. पुढे एडमंड ह्यूई यांनी डोळ्यावर प्लास्टरची छोटी वाटी बसवून तिला जोडलेल्या काडीने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेषा उमटवल्या (डोळा बधिर करूनच, हे सांगितलेले बरे), तर १९०१ मध्ये रेमंड डॉज यांनी बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्राच्या काचेवर पकडला आणि डोळ्याला स्पर्श करण्याची गरजच संपवली.

मूकवाचनाच्या वादाचा निकाल लावणारा प्रयोग मात्र याहून पुष्कळ साधा आहे. १८९७ मध्ये क्वांट्झ यांनी एक युक्ती केली. माणूस मोठ्याने वाचत असताना अचानक पानावर आच्छादन सरकवायचे. मजकूर दिसेनासा झाल्यावरही वाचणारा काही शब्द बोलतच राहतो. ते शब्द त्याच्या डोळ्याने आधीच वाचलेले असतात. आवाज त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. १९२० मध्ये शिकागो विद्यापीठात गाय बसवेल यांनी डोळ्याचे छायाचित्रण आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी करून हे अंतर काटेकोरपणे मोजले. सराईत वाचकाचा डोळा आवाजाच्या बराच पुढे असतो. अडखळत वाचणाऱ्याचा डोळा आणि आवाज जवळजवळ एकाच शब्दावर असतात. आजच्या मोजमापांत हे अंतर सर्वसाधारणपणे दोन शब्दांच्या आसपास येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. अस्खलित प्रकटवाचन करणाऱ्याचा डोळा प्रत्येक क्षणी असे शब्द वाचत असतो की जे अजून उच्चारले गेलेले नाहीत. म्हणजे मूकवाचन हे प्रकटवाचनाच्या पोटातच आहे. कोठे स्वर चढवायचा, कोठे थांबायचा, प्रश्न आहे की विधान, हे वाक्य तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी ठरावे लागते, आणि ते पुढचे न पाहता ठरत नाही. ज्या रोममध्ये ग्रंथ वाचून दाखवणारे गुलाम बाळगले जात आणि रसिकांच्या मंडळीत सुंदर वाचनाची वाहवा होई, त्या रोममध्ये मूकवाचन अशक्य होते असे म्हणणे हे पट्टीचे पोहणाऱ्याला पाण्यात तरंगता येत नाही म्हणण्यासारखे आहे. रशियन अभ्यासक गाव्रिलोव्ह यांनी डोळा आणि आवाज यांच्यातील याच अंतराकडे बोट दाखवून प्राचीनांची बाजू मांडली. त्यांचा लेख आला तेही १९९७ साल, म्हणजे सेंगर यांच्या ग्रंथाचेच. ग्रंथ गाजला; लेख अभिजात भाषांच्या अभ्यासकांपुरता राहिला.

आणि रोमनांना हे ठाऊक होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्तृत्वाचा थोर शिक्षक क्विंटिलियन याने मुलांच्या वाचनशिक्षणाबद्दल लिहिताना सांगितले आहे की उजवीकडे, पुढे काय आहे ते पाहत जावे असे सगळेच शिकवतात, पण ते सरावाशिवाय येत नाही. कारण आवाज मागच्यावर आणि डोळे पुढच्यावर असे मन विभागावे लागते. म्हणून घाई नको, असा त्याचा सल्ला. शब्दांत जागा न सोडणाऱ्या संस्कृतीतला एक शिक्षक बसवेल यांच्या यंत्रापूर्वी अठराशे वर्षे हीच गोष्ट वर्गातल्या अनुभवावरून सांगत आहे. सेंगर यांच्या सिद्धांतापुढे यापेक्षा अवघड साक्षीदार उभा करता येणार नाही.

तरीही त्यांच्या मुद्द्यातला सकस भाग बाजूला सारू नये. डोळा पुढे पाहतो म्हणजे नेमके काय पाहतो? याचे उत्तर १९७५ पासून जॉर्ज मकॉन्की आणि कीथ रेनर यांच्या प्रयोगांनी दिले. संगणकाच्या पडद्यावर मजकूर. वाचकाची नजर जेथे पडेल तेथील काही अक्षरे तेवढी खरी, बाकी सर्वत्र निरर्थक खुणा. नजर हलली की ही खिडकीही तिच्याबरोबर हलते. खिडकी किती लहान केली म्हणजे वाचन मंदावते, ते पाहायचे. निष्कर्ष असा निघाला की इंग्रजी वाचकाला नजरेच्या डावीकडे फक्त तीन-चार अक्षरे उपयोगी पडतात, उजवीकडे मात्र चौदा-पंधरा. खिडकी एकांगी आहे. ती पुढे झुकलेली आहे. १९८१ मध्ये हिब्रू वाचकांवर प्रयोग झाला तेव्हा झुकाव डावीकडे निघाला, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तीच माणसे इंग्रजी वाचू लागली की खिडकी उजवीकडे झुके. डोळ्याची रचना बदलत नाही. लक्ष कुठे ठेवायचे ते लिपी शिकवते.

त्या चौदा-पंधरा अक्षरांतही प्रतवारी आहे. शब्द ओळखता येईल इतका स्पष्टपणा सात-आठ अक्षरांपर्यंतच. त्यापलीकडे शब्द केवढा आहे आणि मोकळी जागा कोठे आहे, एवढाच ढोबळ अंदाज. पुढचा शब्द अशा रीतीने आधी ओझरता दिसलेला असला तर त्यावर नजर पोचल्यावर सेकंदाचा वीस-तिसावा भाग वाचतो. आणि शब्द आखूड असेल किंवा संदर्भावरून अपेक्षितच असेल तर डोळा त्याच्यावर थांबतही नाही, ओलांडून जातो. मोकळी जागा या व्यवस्थेतील मैलाचा दगड आहे. ती काढून टाकली तर पुढची उडी कोठे घ्यावी हे ठरवणे अवघड होते. १९९८ मध्ये रेनर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी मजकुरातील मोकळ्या जागा भरून टाकल्या, आणि वाचन ठळकपणे मंदावले. अशा प्रयोगांत ही घट सरासरी तीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात जाते. सेंगर यांना हवा असलेला पुरावा तो हाच.

पण हा पुरावा कोणाच्या डोळ्यांचा आहे? लहानपणापासून फक्त जागा सोडलेले इंग्रजी वाचलेल्या माणसांच्या डोळ्यांचा. त्यांना तासाभरासाठी सलग मजकूर दिला की ते अडखळणारच. या मोजमापात सवय मोजली जाते, क्षमता नव्हे. शिवाय १९९४ च्या एका अभ्यासात काही इंग्रजी वाचकांचा वेग सलग मजकुरातही थोडाच घटलेला दिसला होता. रोमन मुलाने आयुष्यात दुसरे काही पाहिलेच नव्हते, हे लक्षात घेता विसाव्या शतकातील अमेरिकन विद्यार्थ्यावरून त्याची परीक्षा घेणे न्याय्य नाही.

न्याय्य तुलना हवी असेल तर ती आजही उपलब्ध आहे. चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि कोट्यवधी माणसे रोज मुकाट्याने वृत्तपत्र वाचतात. २००८ मध्ये चिनी मजकुरात मुद्दाम शब्दाशब्दांत जागा घालून पाहिली; वाचन त्यामुळे अधिक जलद झाले नाही. शब्द भलत्याच ठिकाणी तोडला तेव्हा मात्र ते मंदावले. चिनी वाचक शब्द पाहत होते, फक्त त्यांना ते दाखवून द्यावे लागत नव्हते. थाई लिपीही सलगच लिहिली जाते, आणि ती तर उच्चारानुसारी लिपी आहे. बँकॉकच्या रेल्वेगाडीत ओठ हलवणाऱ्यांचा कल्लोळ ऐकू येत नाही.

आता मोडी. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे मांडत जातो. शब्द संपला तरी जागा सुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. आज मोडी शिकणारा तरुण एकेक अक्षर लावतो, ते पुटपुटतो, मग वहीत बाळबोधीत उतरवून शब्द तोडतो, आणि सुरुवातीला त्याची अशी समजूत होते की हे लिहिणारे लोकही असेच कष्टाने वाचत असावेत. बसवेल यांच्या भाषेत सांगायचे तर त्याचा डोळा आणि आवाज एकाच अक्षरावर खिळलेले असतात. नवशिक्याची ही अवस्था कारकुनावर लादणे म्हणजे सेंगर यांची चूक मराठीत करणे होय.

कारकुनाच्या हाताशी वेगळी साधने होती. विभक्तीचे प्रत्यय शब्दाची अखेर सांगतात. स्वतंत्र स्वराक्षर दिसले की बहुतेक वेळा नव्या शब्दाचा आरंभ असतो. त्याहून मोठे साधन म्हणजे पत्राचा ठरलेला साचा. मायना, 'गोसावी यांसी', 'विनंती विशेष', आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. हे शब्दसमूह ज्याने हजारो वेळा पाहिले आहेत त्याला ते अक्षर लावून वाचण्याची गरज उरत नाही. अपेक्षित शब्द डोळा ओलांडून जातो, हे प्रयोगशाळेत दिसलेलेच आहे. पेशव्यांच्या कारकुनाचे डोळे आता कोणी मोजू शकत नाही, तेव्हा हे अनुमानच. पण अशक्यतेच्या दाव्यापेक्षा या अनुमानाचा पाया भक्कम आहे.

पोथीचेही तसेच. सलग ओळीत लिहिलेली पोथी पुराणिकबुवा देवळाच्या सभामंडपात मोठ्याने वाचतात, ते समोर श्रोते बसलेले असतात म्हणून. त्यांना मनात वाचता येत नाही म्हणून नव्हे. समाजात एखादी गोष्ट कशी केली जाई आणि माणसाला ती करता येत होती की नाही, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि वाचनाच्या इतिहासात त्यांची गल्लत सर्रास होते.

मोडी शिकवणाऱ्यांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. अक्षरओळख झाल्यावर विद्यार्थ्याला दर शब्द तोडून बाळबोधीत उतरवायला लावण्याऐवजी एकाच प्रकारची पाच-पंचवीस पत्रे, ओळखीच्या मायन्यांची आणि ठरावीक शेवटांची, लागोपाठ वाचायला द्यावीत. आधी मनात, लेखणी बाजूला ठेवून. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद ज्यांनी लिहिले ते एकमेकांसाठी लिहीत होते, आणि त्या प्रत्येकाचा डोळा बोरूच्या टोकाच्या दोन शब्द पुढे चालायला शिकलेला होता.